पावती आहे, परवाना नाही

तहबाजारी हा शब्द पुण्या-मुंबईत वाढलेल्या किती वाचकांना माहीत असेल कोण जाणे. आमच्याकडे, म्हणजे जालना-परभणी-बीड ह्या पट्ट्यात, तो अगदी रोजचा शब्द आहे. फारसीत 'तह' म्हणजे तळ. बाजारातली तळाची जमीन वापरल्याचं भाडं ते तहबाजारी. निजामाच्या राज्यात फारसी आणि मग उर्दू ही दरबारची भाषा होती. राज्य १९४८ मध्ये गेलं, शब्द मात्र पालिकेच्या पावतीपुस्तकात मुक्काम ठोकून राहिला.

ह्याचं कामकाज कसं चालतं ते आधी सांगतो. संध्याकाळी भज्यांचा गाडा लागतो, तेल तापतं, पहिला घाणा निघतो, आणि एक माणूस पावतीपुस्तक घेऊन येतो. पाच-दहा रुपये घेतो, पातळ कागदाची पावती फाडतो आणि पुढच्या गाड्याकडे सरकतो. हा माणूस बहुतेक वेळा पालिकेचा नसतो, ठेकेदाराचा असतो, कारण वसुलीचं काम लिलावाने दिलेलं असतं. गाडेवाला पैसे देतो आणि त्याला वाटतं की आपण आता कायदेशीर झालो. पण पावती म्हणजे परवाना नव्हे! एखाद्या सकाळी अतिक्रमण हटावची गाडी येते, आणि ज्या संस्थेच्या नावाने काल पैसे घेतले तीच संस्था आज म्हणते की तुम्ही इथे असायलाच नको होतं. आमच्या भाषेत बोलायचं तर बिलिंगच्या टेबलात हा ग्राहक आहे आणि मास्टर टेबलात तो नाहीच. ऑफिसात असा बग निघाला असता तर एव्हाना कुणाचं तरी अप्रेझल बोंबललं असतं :-)

हा बग कधी शिरला, ते शोधायचा नाद मला दोन-तीन वीकेंड लागला होता. सापडलं ते एवढं की बग बराच जुना आहे.

जालन्यापासूनच सुरू करू. कुंडलिका नदीच्या एका बाजूला कदीम जालना, दुसऱ्या बाजूला नवं जालना. आमच्याकडे पोलीस ठाण्यांची नावंसुद्धा 'कदीम जालना' आणि 'सदर बाजार' अशी आहेत, म्हणजे इतिहास तक्रार नोंदवायला गेल्यावरच कळतो! 'जालना सोने का पालना' ही म्हण ऐकत आम्ही वाढलो, आणि ती निव्वळ गावप्रेमातून आलेली नाही. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुघलांच्या ताब्यातली जालन्याची पेठ लुटली, ती काही उगाच नाही. लुटण्याजोगं काही होतं म्हणून लुटली. पुढे ब्रिटिशांच्या काळात १८२७ मध्ये इथे हैदराबाद कंटिन्जन्टच्या फौजेसाठी छावणी झाली. जिथे छावणी तिथे सदर बाजार, हे समीकरण भारतभर सारखंच. सैनिकांना भाजी, दूध, मटण, चणे-फुटाणे कुणीतरी विकायला हवेत, पण विकणारे कोण, कुठे बसणार, काय भावाने देणार हे छावणीचा साहेब ठरवणार.

जुन्या राजवटींत हा अधिकार कोतवालाचा आणि पेठेच्या शेटे-महाजनांचा असे. मालाचे ठरवून दिलेले भाव म्हणजे 'निरख'. वजनं तपासायची, निरख पाळला जातो का बघायचं, आणि बसणाऱ्याकडून हक्काचा वाटा घ्यायचा, कधी रोख तर कधी मूठ-पसाभर माल. ह्या व्यवस्थेला काही प्रेमळ म्हणता येणार नाही, पण तिच्यात एक गोष्ट स्वच्छ होती. ज्याच्याकडून वाटा घेतला, तो बाजाराचा माणूस. वाटा घ्यायचा आणि वर त्याला 'अनधिकृत' म्हणायचं, ही कल्पना तेव्हाच्या कोतवालाला समजली नसती. रस्ता आणि बाजार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच मुळी त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ते सांगितलं एकोणिसाव्या शतकातल्या नगरपालिकांनी. त्यांचा उपाय होता छप्पर. मुंबईत १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट झालं. पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भाजीबाजार भरत असे, त्याच्यासाठी १८८६ मध्ये रे मार्केटची इमारत उघडली. महात्मा फुले तेव्हाच्या पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि मंडईच्या इमारतीवर एवढा खर्च करायला त्यांचा विरोध होता. आज रे मार्केट आणि क्रॉफर्ड मार्केट ही दोन्ही फुल्यांच्याच नावाने ओळखली जातात. असो. छपराखाली गाळा मिळाला तो व्यापारी झाला. ज्याला भाडं परवडलं नाही तो बाहेर राहिला, आणि बाहेरच्याला आता नाव मिळालं फेरीवाला.

मग आला १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा. त्यातली दोन कलमं फेरीवाल्यांच्या पोरांनासुद्धा पाठ असतात. ३१३-अ म्हणतं, परवान्याशिवाय सार्वजनिक जागी विकायचं नाही. ३१४ म्हणतं, विकायला मांडलेलं काहीही आयुक्त नोटीस न देता उचलू शकतात. ह्या 'नोटीस न देता'वर पुढे शंभर वर्षांनी मोठा वाद झाला, त्याच्याकडे येतोच.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट साधी आहे. शहर वाढलं, परवाने वाढले नाहीत. मुंबईत सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून नवे परवाने देणं जवळजवळ थांबलं. जुने राहिले साधारण १५ हजार. आणि १९९८ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आणि युवा ह्या संस्थांनी मोजदाद केली तेव्हा पालिकेच्या जागेवर बसणारे निघाले १ लाखाहून थोडे जास्त. म्हणजे सातातला एक कायदेशीर. ह्यात मुंबईचं काही खास नाही. न्यूयॉर्कने १९८० च्या दशकात खाद्यविक्रीच्या गाड्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, तेव्हा २०० डॉलरचा परवाना काळ्या बाजारात २० हजारांच्या वर जाऊ लागला. संख्या गोठवली की माणसं कमी होत नाहीत, दलाल वाढतात.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई पालिकेनेही आमच्या तहबाजारीसारखंच काहीतरी काढलं. विनापरवाना बसणाऱ्यांकडून रोजचे पैसे घ्यायचे आणि पावती द्यायची. फेरीवाल्यांच्या तोंडी ती नुसती 'पावती'च. पण कागदोपत्री नाव काय, तर अनधिकृत जागावापर आणि कचरा उचलण्याचा आकार! पैसे घेतोय आणि पैसे घेण्याच्या कागदावरच लिहितोय की तू अनधिकृत आहेस. जोनाथन शापिरो अंजारिया ह्या मानववंशशास्त्रज्ञाने मुंबईच्या फेरीवाल्यांवर 'द स्लो बॉइल' नावाचं पुस्तक २०१६ मध्ये लिहिलं, त्यात ह्या पावत्यांबद्दल वाचायला मिळतं. फेरीवाले त्या जपून ठेवत. सरकारने आपल्याला पाहिलं होतं, ह्याचा तेवढाच पुरावा.

आता १९८५. त्या वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने आठवड्याच्या अंतराने दोन निकाल दिले, दोन्ही सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड ह्यांच्या खंडपीठाचे. ३ जुलैचा निकाल बॉम्बे हॉकर्स युनियनचा. न्यायालय म्हणालं, रस्ते लोकांच्या जाण्या-येण्यासाठी आहेत, तिथे धंदा करून इतरांना त्रास देण्याचा हक्क कुणालाच नाही. पण नुसतं हटवूनही चालणार नाही, पालिकेने फेरीवाला क्षेत्रं आखून द्यावीत. १० जुलैचा निकाल ओल्गा टेलिसचा. हा फुटपाथवर राहणाऱ्यांचा खटला. त्यात न्यायालयाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. कलम ३१४ रद्द केलं नाही, पण त्याचा अर्थ लावला. नोटीस न देता काढता येतं म्हणजे प्रत्येक वेळी नोटीस न देताच काढायचं असं नव्हे, सामान्यतः माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. दुसऱ्या दिवशी चंद्रचूड निवृत्त झाले. कायद्याचे विद्यार्थी ओल्गा टेलिस घोकतात, पण गाडेवाल्याच्या रोजच्या आयुष्यावर जास्त परिणाम झाला तो आठवड्यापूर्वीच्या निकालाचा, असं माझं मत.

कारण त्यात आकडे होते. एकाला जागा १ मीटर बाय १ मीटर. देऊळ-मशीद, शाळा, मोठं रुग्णालय ह्यांच्यापासून १०० मीटर लांब. मंडईपासून १५० मीटर लांब. हे आकडे मग पुढची तीस वर्षं कॉपी-पेस्ट होत राहिले. २००३ मध्ये महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या निकालात ते पुन्हा आले आणि १५० मीटरच्या यादीत रेल्वे स्टेशनही आलं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, मनसेने स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्यांविरुद्ध मोहीम काढली, आणि १ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा तेच अंतर कायम ठेवलं.

मी मजा म्हणून गुगल मॅपवर जालन्यात अशी वर्तुळं काढून बघितली. १०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे पावणेआठ एकर. १५० चं म्हणजे साडेसतरा. गांधी चमन, मामा चौक, मस्तगड ह्या भागात वर्तुळं एकमेकांवर इतकी चढली की शेवटी गाडा लावायला उरलं काय, तर जिथे गिऱ्हाईक नाही तिथली जागा. चर्चगेट किंवा दादर डोळ्यांपुढे ठेवून काढलेला आकडा, जिथे दर शंभर पावलांवर एक मंदिर, दर्गा किंवा शाळा आहे अशा गावाला लावला की हे असं होतं. म्हणजे अंतर नकोच असं मला म्हणायचं नाही. शाळा सुटताना गाड्यांमधून वाट काढणारी पोरं मीही बघतो, आणि आमची आई भाजी आणायला जाते तेव्हा फुटपाथ नावाची वस्तू तिच्या वाट्याला येतच नाही. पण अंतर गावाच्या नकाशावरून ठरायला हवं, नाही का?

तहबाजारीला सर्वोच्च न्यायालयात मान मिळाला तो १९८९ मध्ये, आणि तोही दिल्लीच्या माणसामुळे. सोदान सिंग हा जनपथजवळ तयार कपडे विकणारा फेरीवाला. तो वेळोवेळी तहबाजारी भरून बसत असे, आणि पुढे नवी दिल्ली नगरपालिकेने नकार दिला. न्यायालयाने सांगितलं की रस्त्यावर विकणं हा व्यवसायस्वातंत्र्याचा, म्हणजे कलम १९(१)(छ) चा भाग आहे, सरकार त्याच्यावर वाजवी बंधनं घालू शकतं, पण रस्ते केवळ चालण्यासाठीच असतात असं म्हणून हक्कच नाकारता येत नाही. मात्र अमुकच जागेवर कायमचं बसण्याचा हक्क कुणाला नाही. थोडक्यात, धंद्याचा हक्क आहे, कोपऱ्याचा नाही. गाडेवाल्याला विचाराल तर तो म्हणेल, कोपरा हाच धंदा आहे!

मध्ये एक गंमतशीर प्रयोग महाराष्ट्राने करून पाहिला. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं आणि १ रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं सुरू झाली. इथे सरकारच रस्त्यावर खाद्यपदार्थ विकायला उतरलं, मोक्याच्या जागांसकट. १ रुपयात भाकर कुणालाच परवडत नसते. हळूहळू झुणका मागे गेला आणि त्याच टपरीत इडली, वडापाव, चायनीज आलं. पुढच्या सरकारने २००० च्या सुमारास योजना गुंडाळली, मग टपऱ्या कुणाच्या ह्यावर कोर्टकज्जे झाले. दर ठरवून देणं हा निरखच की, फक्त कोतवाल नव्हता.

असो, कायद्याकडे येऊ. २००४ मध्ये राष्ट्रीय धोरण आलं, २००९ मध्ये सुधारून आलं. ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गेंदा राम खटल्यात ३० जून २०११ पर्यंत कायदा करा म्हणून सांगितलं. डेडलाइन चुकली (सरकारचीही चुकते, हे वाचून बरं वाटलं), पण ४ मार्च २०१४ ला राष्ट्रपतींची सही होऊन पथविक्रेता कायदा आला आणि १ मे २०१४ पासून लागू झाला. महाराष्ट्राचे नियम २०१६ मध्ये आणि योजना २०१७ मध्ये आली.

हा कायदा मी पूर्ण वाचला, आणि प्रामाणिकपणे सांगतो, चांगला आहे. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटेपर्यंत कुणालाही हटवायचं नाही. हटवायचंच तर ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर नाशवंत नसलेला दोन कामकाजाच्या दिवसांत आणि नाशवंत त्याच दिवशी परत. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार असेल तर तो वारसा बाजार, तिथल्यांना उठवायचं नाही. आणि कलम ३३ सांगतं, दुसऱ्या कायद्याशी विसंगती आली तर हा कायदा वरचढ.

ह्या शेवटच्या मुद्द्याला जालन्यात एक वेगळा अर्थ आला आहे. आमची नगरपालिका १९६५ च्या नगरपरिषदा कायद्याखाली चालत होती. २०२३ मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली, आणि शहर १९४९ च्या महानगरपालिका कायद्याखाली गेलं. पेपरात मोठमोठे फोटो आले, फटाके वाजले. कुणाच्या लक्षात आलं नाही की ह्या १९४९ च्या कायद्यात कलम २३१ आहे, आणि ते म्हणजे मुंबईच्या ३१४ चं सख्खं भावंड. रस्त्यावर विकायला ठेवलेली वस्तू नोटीस न देता काढण्याचा अधिकार. म्हणजे एका हातात 'नोटीस न देता' आणि दुसऱ्या हातात '३० दिवसांची नोटीस'. कायद्याने दुसरा हात वरचढ आहे. पण चौकात उभा असलेला कर्मचारी कुठला हात आधी काढतो, ते तुम्हीच ठरवा.

आता थोडं गणित. कायदा म्हणतो, शहराच्या लोकसंख्येच्या २.५ टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं. २०११ च्या जनगणनेत जालना शहर २,८५,५७७. म्हणजे ७,१३९ विक्रेते. प्रत्येकाला १९८५ चा तो १ चौरस मीटर दिला तर ७,१३९ चौरस मीटर, पावणेदोन एकर, एका क्रिकेट मैदानाच्या निम्म्याहून कमी. गाडा खरं तर ६ फूट बाय ४ फूट असतो, मागे उभं राहायला आणि पुढे गिऱ्हाइकाला जागा लागते, म्हणून पाचपट धरा. तरी नऊ एकरांच्या आत. एवढ्या मोठ्या शहरात नऊ एकर शोधणं हा इंजिनियरिंगचा प्रश्नच नाही.

खाण्याच्या गाड्याला आणखी एक कायदा आडवा येतो, अन्नसुरक्षेचा. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला नुसती नोंदणी ठेवली, फी वर्षाला १०० रुपये. स्वस्त आणि शहाणपणाचं. पण त्याच नियमांना पिण्यायोग्य पाणी हवं असतं, आणि जालन्यात पाणी म्हणजे काय हे २०१२-१३ चा दुष्काळ बघितलेल्याला सांगायला नको. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात मोसंबी ज्यूसवाला (आमच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे बरं का!) ग्लास विसळायला पाणी आणणार कुठून? विकतच्या जारमधून. सिंगापूरने १९६८-६९ मध्ये आपले फेरीवाले मोजले आणि १९८६ पर्यंत सगळ्यांना हॉकर सेंटरमध्ये नेलं, तेव्हा त्यांना दिलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नळ आणि गटार ही होती. २०२० मध्ये युनेस्कोने त्या संस्कृतीला यादीत घेतलं. आपल्याकडे फेरीवाला क्षेत्र म्हणजे पांढऱ्या पट्ट्याने आखलेला चौकोन.

आणि फूड ट्रक? पुण्यात आमच्या ऑफिसबाहेर एक उभा असतो, पास्ता विकतो. त्याला आरटीओची परवानगी लागते, कारण गाडीच्या मूळ रचनेत बदल केला आहे. बाकी कायद्याच्या नजरेत तो आणि जालन्याचा भजेवाला एकच, फिरता पथविक्रेता. फरक एवढाच की ट्रकवाला गाडी आली की चावी फिरवतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडा लावणाऱ्या मामांना मी हा सगळा कायदा सांगितला. ते मिरच्या चिरता चिरता ऐकत होते. मग गाड्याखालून तारेत ओवलेला पावत्यांचा गठ्ठा काढला. तेलाचे डाग, काहींची शाई उडालेली. २०२० मध्ये पीएम स्वनिधीचं १० हजारांचं कर्ज आलं तेव्हा सर्वेक्षणात नाव नसलेल्यांना पालिकेचं शिफारसपत्र लागत होतं आणि मामांच्या कामी ह्याच पावत्या आल्या. "कर्जाला चालल्या, मग जागेला का नाही चालणार रे?" त्यांनी विचारलं.

माझ्या मते चालायला हव्यात. रोजच्या पावतीवर तारीख असते, ठिकाण असतं, ओळीने वर्षानुवर्षांचा डेटा असतो. ह्याच्याहून चांगली नोंद सर्वेक्षण करणारा एका फेरीत काय मिळवणार? शिवाय तो येतो सकाळी अकराला, ऑफिसच्या वेळेत. तेव्हा भाजीवाले सापडतात, बूटपॉलिशवाले सापडतात. भज्याचे, अंडाभुर्जीचे, पाणीपुरीचे गाडे लागतात संध्याकाळी पाचनंतर, म्हणून यादीत ते कमीच दिसतात. पुढचं सर्वेक्षण होईल तेव्हा एक फेरी संध्याकाळी सातला ठेवा आणि ठेकेदाराची पावतीपुस्तकं बरोबर घ्या, एवढं लेखी निवेदन द्यायचं आम्ही ठरवलंय. मसुदा मी टाइप केलाय, सह्या मामा गोळा करतायत, आतापर्यंत एकोणीस झाल्या.